उंच बॉनेट आणि विहीणबाईंचा पदर

कराडहून तंजावरला स्वतः गाडी चालवत जाणार म्हटल्यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, या वयात कशाला? दुसरा म्हणे, एवढ्याशा बाईनं एवढी मोठी गाडी घेतलीच कशाला? दोन्ही पक्ष रोज संध्याकाळी आमच्याच अंगणात येऊन, आमचाच चहा पिऊन भांडत, त्यामुळे मी कुणाचंच मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझी उंची पाच फुटांना थोडी कमी. गाडी डोंगरात चढणाऱ्या जातीची, चौकोनी, दांडगी, आणि तिचं बॉनेट माझ्या छातीला लागतं. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं थोडं शेत आहे आणि पावसाळ्यात तिथला रस्ता ओढ्यात जातो, म्हणून मी ही गाडी हट्टानं घेतली. सीटवर उशी ठेवली की मला लांबचं सगळं झकास दिसतं. जवळचं दिसत नाही, पण त्यासाठी गाडीला पुढे-मागे कॅमेरे आहेत, बंपरमध्ये सेन्सर आहेत, सहा एअरबॅगा आहेत आणि सातवे आमचे अनंतराव आहेत.

अनंतरावांची मान आखडलेली असते, म्हणून ते गाडी चालवत नाहीत. ते शेजारी बसून गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक पोथीसारखं वाचतात. "चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून ब्रेक आपोआप धरून ठेवला जातो," असं त्यांनी दावणगिरीच्या सपाट रस्त्यावर मला इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी नुसतं "बरं" म्हटलं.

जायचं कारण मात्र गंभीर होतं. आमची सून गिरिजा तंजावरकडची, पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी घरातली. तिची आई पद्माबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. त्यांची कुलदेवता तुळजापूरची भवानी. घरातल्या प्रत्येक लग्नात तिच्या नावानं नारळ काढून ठेवायचा, बाळंतीण सुटली की तिच्या दिशेनं हात जोडायचे, आणि ती देवी त्या घरातल्या कुणीही कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. विहीणबाई सत्तरीच्या पुढे गेल्या. गिरिजाच्या लग्नात त्या मला म्हणाल्या होत्या, "एकदां तिचें तोंड पाहूनच मरावें म्हणतें." मी त्याच मांडवात शब्द दिला होता, की मी तुम्हाला घेऊन जाईन. तो शब्द पाळायला आम्ही निघालो होतो.

तिरुवैयारूच्या अलीकडे

तंजावरजवळ मोठा रस्ता सोडून कालव्याकाठच्या रस्त्याला लागलो आणि मला पहिल्यांदा गाडीची रुंदी कळली. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मध्ये आम्ही. त्यात कुणीतरी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं. आमच्याकडे रस्त्यावर धान्य घातलं तर लोक हॉर्न मारतात, इथे लोक धान्याच्या कडेनं, जणू कुणी झोपलंय, अशा बेतानं जातात. मीही गेले.

एका वळणावर केळीच्या पानांचा भारा लादलेली मोपेड समोरून येताना मी स्पष्ट पाहिली. वळण घेतलं आणि ती नाहीशी झाली. कालव्यात पडली की काय म्हणून मी ब्रेक मारला, तर ती माझ्या दाराशी उभी, आणि वरचे आजोबा माझ्याकडे पाहून हसताहेत. समोरच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्याच्याआड आजोबा, मोपेड आणि केळीची पानं, सगळं मावलं होतं.

"गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून तो खांब जाड केलेला असतो," अनंतराव म्हणाले.

"उलटेपर्यंत समोरचं काय दिसायला नको का?" मी म्हटलं. त्यांनी पुस्तक चाळलं. उत्तर सापडलं नाही.

घरी पोचलो तेव्हा विहीणबाई ओट्यावर उभ्या होत्या, माझ्याहूनही ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या. "या हो संबंधी, या! भित्तर या!" तिथे विहीण काय, व्याही काय, दोघेही संबंधीच. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी वाटतं, की आपण कुठेतरी विसरून आलेल्या वस्तू यांनी नीट पुसून ठेवल्यात. शब्द जुने, चाल मात्र तमिळ, प्रत्येक वाक्य शेवटी जरा उंच जाऊन बसतं. त्यांचा मुलगा शेखर शेतकी खात्यात नोकरीला आहे. तो आमच्याशी मराठी बोलायला लागतो, मध्येच इंग्रजीत शिरतो आणि तमिळमध्ये बाहेर पडतो. त्याची बायको मीना तमिळ घरातली, पण सासूचं सगळं समजतं. दोन मुली, सातवी-आठवीतल्या, मराठी कळते पण बोलायची म्हटली की एकमेकींना ढकलतात.

जेवायला केळीचं पान, त्यावर रसवांगी. वांगी, डाळ आणि चिंच. आमच्याकडे हिला आमटी म्हणावं की भाजी यावर वाद झाला असता, तिथे कुणी वाद घालत नाही, भात कालवून गप्प जेवतात. डांगर पच्चडी दिसली तेव्हा मी ओरडलेच. हे तर आमचं डांगर! "तुमचें कसें? आमचें!" विहीणबाई म्हणाल्या आणि आणखी वाढलं.

जेवण झाल्यावर सगळे गाडी बघायला बाहेर आले. मला फुशारकी मारायची हौस दांडगी. मी बॉनेटवर थाप मारून सांगितलं, "ही नुसती गाडी नाही. हिला डोळे आहेत. हा पुढचा, हा मागचा, हे दोन आरशांखाली." विहीणबाईंनी वाकून प्रत्येक डोळा नीट पाहून घेतला. शेखर मात्र गाडीकडे न बघता माझ्या उंचीकडे बघत होता.

"आँटी, इतकं लांब, अम्माला घेऊन... सेफ असेल ना?"

"तुझ्या अम्माच्या केसाला धक्का लागणार नाही," मी म्हटलं.

विहीणबाईंनी विचारलं, "गाडीची पूजा झाली का?" शोरूममध्ये एक लिंबू ठेवलं होतं, असं मी सांगितलं. एक लिंबू? त्यांनी मीनाकडे पाहिलं, मीनानं शेखरकडे पाहिलं. शुक्रवारी सकाळी गल्लीच्या टोकाला पिळ्ळैयारच्या, म्हणजे आपल्या गणपतीच्या देवळापुढे रीतसर पूजा करायची आणि शनिवारी निघायचं, असं ठरून गेलं.

शुक्रवार, पिळ्ळैयारच्या देवळापुढे

विहीणबाई मी आणलेली इरकल नेसून आल्या होत्या. त्यांच्या नेहमीच्या साडीपेक्षा तिचा पदर लांब, तो त्यांना सावरत नव्हता, पण संबंधीचा मान म्हणून आजच नेसायची होती.

आमच्याकडे गाडीची पूजा म्हणजे हार, नारळ, पेढे, झालं. इथे काचेवर विभूतीचे तीन पट्टे, बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक, पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा हातभर जाडीचा हार. विहीणबाई स्वतः चंदनाची वाटी घेऊन फिरत होत्या. मी काल दाखवलेला एकही डोळा त्यांनी सोडला नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला चांगला रुपयाएवढा चंदनाचा टिळा, वर कुंकू. "डोळ्यांनाच आधीं लावायचें," त्यांनी मुलींना समजावलं. मला ते इतकं गोड वाटलं, की मी अनंतरावांना फोटो काढायला सांगितला.

गुरुक्कळ, म्हणजे पुजारी, मंत्र म्हणू लागले. मी सीटवर बसून गाडी सुरू केली, आणि गाडी किंचाळायला लागली. पुढच्या सेन्सरपुढे तो हार. गाडीच्या मते आम्ही झेंडूच्या भिंतीवर आदळायच्या बेतात होतो. गुरुक्कळांनी मंत्र थांबवून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी ओशाळून बटण दाबलं आणि सेन्सर बंद केले. पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र होतं, त्यात नुसतं पिवळं धुकं. मी हसले. देवाच्या दारात काय व्हायचंय, असंच माझ्या मनात होतं, खरं सांगते.

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. रस्ता पुढे कालव्याच्या मोरीकडे किंचित उतरता. डावीकडे मीना आणि मुली, उजवीकडे शेखर, मागे फोटो काढणारे अनंतराव. समोर बॉनेट, झेंडू आणि रिकामा रस्ता. गुरुक्कळांनी घंटा वाजवली, हात हलवला, "पोलाम, पोलाम!" चला, चला. मी क्लच सोडला. गाडी वीतभर सरकली. लिंबं फुटली, टाळ्या वाजल्या.

आणि मीना किंचाळली, "अत्तै!" तिची सासूला मारायची हाक.

मी ब्रेक इतका जोरात दाबला, की उशी निसटली. समोर अजूनही रिकामा रस्ताच दिसत होता. पण सगळे बॉनेटच्या पुढे, खाली बघत होते.

डाव्या चाकाखालचं लिंबू उतारावर घरंगळलं होतं. ते परत सारायला विहीणबाई वाकल्या होत्या. त्या चाकापुढे उकिडव्या बसलेल्या होत्या आणि त्यांचा पदर चाकाखाली गेला होता. लागलं नव्हतं. पण त्यांना उठता येत नव्हतं, सरकता येत नव्हतं, आणि मला त्या दिसत नव्हत्या.

शेखरनं देवळातला नारळ फोडायचा कोयता उचलला. "कातरतो."

"नवी साडी!" बॉनेटखालून आवाज आला. "संबंधीनें आणलेली! कातरायची नाहीं!"

मग सगळ्यांनी मिळून देवळामागचे दगड आणले आणि दोन्ही पुढच्या चाकांना लावले, म्हणजे गाडी पुढे जाणार नाही. आता ती मागे घ्यायची होती, चढावर. घेणारी मी. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला तेच मला कळेना. "मागे जातानाही ब्रेक धरून ठेवतो! पुस्तकात आहे!" अनंतराव मागून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या पुस्तकाच्या पाया पडावंसं वाटलं.

"भिऊं नका," खालून आवाज आला. "हळू मागें घ्या."

गाडी मागे गेली. विहीणबाई नातीचा हात धरून उठल्या आणि पदर झटकला. त्यावर टायरची नक्षी आणि लिंबाचा डाग. "तुमच्या गाडीनें पदर धरला कीं माझा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या एकट्याच हसल्या.

दुपारी पानावर पुन्हा रसवांगी होती. मी नुसता भात कालवत राहिले. शेखर ओरडला असता तर बरं झालं असतं. हात धुऊन आल्यावर त्यानं शांतपणे सांगितलं, "आँटी, सॉरी. अम्मा येत नाही. नंतर ट्रेननं बघू." त्याचं नंतर किती नंतर असतं, ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विहीणबाई उठून मागच्या दारी गेल्या. केसाला धक्का लागणार नाही म्हणणारी मीच होते. रात्री मी अनंतरावांना म्हटलं, "गाडी इथेच विकून रेल्वेनं जाऊ." ते म्हणाले, "झोप आता." पुस्तक त्यांनी उशाखाली ठेवलं होतं, वाचत नव्हते.

शनिवार सकाळ

आपल्याकडे रांगोळी सणावारी, नाहीतर दोन बोटांची रेघ. तिथे रोज पहाटे दारापुढे सडा आणि तांदळाच्या पिठाचा कोलम. मी बाहेर आले तेव्हा कोलम होऊन गेला होता, पण विहीणबाई पिठाची वाटी घेऊन अजून बाहेरच होत्या. गाडीचे सगळे डोळे त्यांनी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसले होते. हारही काढला होता.

"वर बसा," त्या मला म्हणाल्या.

"विहीणबाई, आज नको."

"चावी नको. नुसतें बसा. आणि तुमची उशी घ्या."

मी बसले. त्या गाडीपुढे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग खालून विचारलं, "दिसतें का?"

"नाही."

जराशानं, जरा लांबून, "आतां?"

"नाही हो."

कोलम घालायला बसतात तशा त्या बसल्या बसल्या मागे सरकत होत्या, आणि मी नाही नाही म्हणत होते. शेवटी रस्त्याच्या मध्यावर पांढऱ्या केसांचा अंबाडा उगवला. "दिसल्या!" मी ओरडले. त्यांनी तिथे पिठाचा ठिपका ठेवला. मग उजवीकडे, मग डावीकडे, मग त्या खांबाच्या आडोशाला, जिथे मोपेड हरवली होती. ठिपके झाले, तशी त्यांनी ते जोडायला सुरुवात केली. तेवढ्यात मुली उठून आल्या. धाकटीला उभी करून उभ्या पोराची वेगळी रेघ काढली. ती बसलेल्या बाईच्या रेघेहून गाडीजवळ आली. मागे रेघ काढायला गेलो, तर मागच्या दारावर टांगलेलं जादा चाक निम्मी काच खातं, हे मला त्या दिवशी कळलं. कॅमेरा असल्यामुळे मी त्या काचेतून कधी पाहिलंच नव्हतं.

अर्ध्या तासात गाडीभोवती तांदळाच्या पिठाचं एक वेडंवाकडं रिंगण तयार झालं, पुढे भलंमोठं फुगलेलं. नुसती रेघ विहीणबाईंच्या हाताला शोभेना, म्हणून त्यांनी तिला वेलबुट्टीही काढली. मी खाली उतरून बघत राहिले. एवढी जागा! इतके दिवस मी हे सगळं बरोबर घेऊन फिरत होते.

"आतां सगळे भित्तर बसा," विहीणबाई म्हणाल्या. त्या स्वतः, मीना, दोन्ही मुली, दूध घालायला आलेली शेजारीण, आणि गुडघे धरून हळूहळू खाली बसणारे आमचे अनंतराव. बॉनेटपुढच्या त्या रिंगणात सगळे मांडी घालून बसले आणि जागा उरली. मग त्यांनी हाक मारली, "शेखरा!"

शेखर दात घासत बाहेर आला. आईनं त्याला सीटकडे बोट दाखवलं. त्यानं तोंड पुसलं आणि माझी उशी बाजूला न काढता तसाच चढून बसला. तो माझ्याहून वीतभर उंच आहे, वर उशी. मी दाराशी उभी होते. त्यानं समोर पाहिलं. समोर गल्ली, मोरी, नारळाची झाडं, सगळं रिकामं. आणि त्या रिकाम्या रस्त्यातून त्याच्या मुलींचं खिदळणं ऐकू येत होतं.

तो बराच वेळ उतरला नाही. त्यानं मान पुढे काढून पाहिलं, मग सीट वर केली, मग परत पाहिलं. शेवटी तमिळमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. खाली उतरून माझ्याशी बोलला, ते सगळं मराठीत, शब्द शोधत शोधत.

"आमच्या ऑफिसची जीप पण अशीच उंच आहे. मी रोज काढतो. सकाळी. या दोघी शाळेला जातात तेव्हां." त्यानं मुलींकडे पाहिलं. "मी कधी उतरून पाहिलं नाही."

मी म्हटलं, "मीसुद्धा नाही."

"आतां पाहिलंत," तो म्हणाला. "अम्माला घेऊन जा."

विहीणबाई उठल्या, पीठ लागलेले हात पदराला पुसले, त्याच इरकलीच्या, टायरची नक्षी न गेलेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही.

मग निघायची घाई. चटणीपूड, केळ्याचे काप, कॉफीची पूड, देवीसाठी तिथल्या नारळाचं तेल. मी सेन्सर चालू केले, पडदा पाहिला. चित्र लख्ख होतं. अनंतरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या सीटवर बसले आणि हात वर करून दाखवला. शेखर, मीना, मुली ओट्यावर ओळीनं उभे राहिले, जिथे मला दिसतील तिथे. गाडी अजून सुरू केली नव्हती.

विहीणबाई माझ्या बाजूच्या दाराशी आल्या, खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांना डावीकडे जाऊन माझ्या शेजारी बसायचं होतं. त्या गाडीच्या पुढून निघाल्या आणि बॉनेटखाली बुडाल्या. समोर पुन्हा तोच रिकामा रस्ता. माझा हात आपोआप चावीवरून निघून मांडीवर आला.

तेवढ्यात खालून आवाज आला, मोठा, स्पष्ट, पावलागणिक एकेकदा. "आहें... आहें... आहें..."

डावं दार उघडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.